डावा घोटा

ऑक्टाव्हिया बुकुरला जाऊन चाळीस दिवस झाले, त्या रविवारी चर्चमधली प्रार्थना आटोपून माणसं तिच्या अंगणात जेवायला बसली होती. द्राक्षाच्या मांडवाखाली तीन टेबलं जोडून लावली होती. उकडलेल्या गव्हाचा, वर साखर आणि अक्रोड पेरलेला कोलिवा वाटून झाला होता, कोबीच्या पानात गुंडाळलेले खिम्याचे सार्माले शेवटच्या पातेल्यात आले होते. ज्याच्या हातात ग्लास येई तो आधी दोन थेंब जमिनीवर सांडी आणि म्हणे, "देव तिला क्षमा करो." स्मारांदा सकाळपासून प्रत्येकाला "देव ऐको" असं उत्तर देत होती. आईसाठी करण्यासारखं आता एवढंच उरलं होतं, म्हणून ती ते मन लावून करत होती.

फाटकाची कडी वाजली आणि एक बुटकी, रुंद खांद्यांची बाई आत आली. स्मारांदाने तिला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, पण चालीवरून ओळखलं. पाठ ताठ, पावलं किंचित बाहेर वळलेली, टाच टेकायच्या आधी चवडा टेकणारा. तिची आई शेवटपर्यंत तशीच चालायची, दवाखान्याच्या लांब व्हरांड्यातसुद्धा.

"मी दोइना प्राले," ती बाई म्हणाली. "पेपरात वाचलं."

स्मारांदाला भरून आलं. हे नाव ती लहानपणापासून ऐकत होती. तिने दोन्ही हातांनी दोइनाचा हात धरला, तिला टेबलापाशी नेलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की या दोइनामावशी, याच त्या, यांचा घोटा मोडला म्हणून आईला अंतिम फेरीत उतरता आलं. टेबलावर कौतुकाची कुजबुज झाली. शेजारच्या वेताकाकूंनी बाकावर सरकून जागा करून दिली आणि विचारलं, "आता बरा आहे ना गं बाई पाय? थंडीत ठणकत असेल."

"बरा आहे," दोइना म्हणाली.

तिच्या हातात ग्लास दिला. तिने दोन थेंब सांडले, मग थोडा वेळ ग्लास तसाच धरून राहिली. "देव तिला क्षमा करो," ती म्हणाली. इतरांनी ते वाक्य सकाळपासून एका दमात म्हटलं होतं. तिने एकेक शब्द सुटा उच्चारला.

ऑक्टाव्हियाची गोष्ट त्या गावात सगळ्यांना पाठ होती. ती पाच वर्षांची असताना जिम्नॅस्टिकचे प्रशिक्षक हात्सेगान सर बालवाडीत आले. मुलींना भिंतीशी रांगेत उभं करून त्यांनी तळपाय उचलून पाहिले, खांदे मागे खेचून पाहिले, कंबरेत वाकवून पाहिलं आणि एकीच्या डोक्यावर हात ठेवला. नवव्या वर्षी ती डोंगरातल्या सराव केंद्रात राहायला गेली. सकाळी वजन, संध्याकाळी वजन, मध्ये दोन पाळ्यांत सराव. आई-वडील महिन्यातून एका रविवारी भेटणार. दहा सेंटीमीटर रुंदीच्या उंच आडव्या तुळईवर, बीमवर, ती आधी चालायला शिकली, मग मागे उलटायला, मग हात न टेकता हवेत कोलांटी घेऊन त्याच दहा सेंटीमीटरवर परत उभी राहायला. चौदाव्या वर्षी युरोपात नाव झालं, सोळाव्या वर्षी देशात पहिली. सतराव्या वर्षी बीमची जगज्जेती. विसाव्या वर्षी पाठीच्या मणक्याने साथ सोडली आणि ती सामान घेऊन गावी परत आली, ती शाळेत व्यायाम शिकवायला.

पदक तिने कधी भिंतीवर लावलं नाही. ते टेबलक्लॉथच्या खणात असायचं. कुणी फार आग्रह केला, शाळेच्या कार्यक्रमात माईक हातात दिला, तर ती एवढंच म्हणायची, "ती जागा दोइनाची होती." मग खाली बसायची. लोक म्हणायचे, एवढी मोठी खेळाडू आणि किती नम्र. स्मारांदाही तेच म्हणायची. तिला आईच्या पदकापेक्षा त्या एका वाक्याचा जास्त अभिमान होता.

आई गेल्यावर जिल्ह्याच्या पेपरने मृत्युलेख मागितला, तो स्मारांदानेच लिहिला. ती जिल्हा ग्रंथालयात नोकरीला होती, वाचन दांडगं होतं, चार ओळी नीट लिहिता येत होत्या. त्या लेखात एक वाक्य होतं: 'घोटा मोडलेल्या मैत्रिणीने वेदनेतही हसत आपली जागा तिच्या हाती सोपवली.' ते वाक्य तिला जमून आल्यासारखं वाटलं होतं. छापून आल्यावर तिने ते दोनदा वाचलं होतं.

माणसं उठली, वेताकाकू उरलेला पाव आणि मेणबत्त्या घेऊन गेल्या, तरी दोइना बसून राहिली. मग ती आपणहून स्वयंपाकघरात आली, बाह्या वर सारल्या आणि ताटल्या पुसायला घेतल्या. स्मारांदा नको नको म्हणाली. दोइनाने ऐकलं नाही. ती डोंगरापलीकडच्या एका लहान गावात मुलींना जिम्नॅस्टिक शिकवते, असं तिने सांगितलं. बारा मुली आहेत, हॉल पूर्वीच्या गोदामाचा. मुलींनी तो लेख वाचला होता.

"मला म्हणाल्या, बाई, शिवल्याची खूण दाखवा ना. मी म्हटलं, कसली खूण? तर म्हणे, मोडलेल्या पायाची. पायमोजा काढायला लावला मला."

स्मारांदा हसली. दोइनाही थोडी हसली, आणि हसता हसताच तिने सांगितलं की खूण नाही, कारण पाय मोडला नव्हता.

"मुरगळला होता?"

"नाही."

स्मारांदाने नळ बंद केला.

दोइनाने जे सांगितलं ते असं. नियम होता की अंतिम फेरीत एका देशाच्या दोनच मुली घ्यायच्या. पात्रता फेरीत ऑक्टाव्हिया बीमवरून पडली. सगळ्या जगात ती सहावी आली, पण आपल्या देशाच्या मुलींत तिसरी. दोइना दुसरी. दोइनाने आयुष्यातला सगळ्यात चांगला बीम त्या दिवशी केला होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा अंतिम फेरीच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी हात्सेगान सर त्यांच्या हॉटेलच्या खोलीत आले. दोघी एकाच खोलीत राहायच्या, केंद्रातसुद्धा सहा वर्षं दोघींच्या खाटा शेजारी होत्या. सरांनी दोन खाटांच्या मधल्या टेबलावर बँडेजची गुंडाळी ठेवली आणि म्हणाले, "तुमचं तुम्ही ठरवा. मी जेवायला चाललोय."

सगळ्याच संघांत असं चालायचं, दोइना म्हणाली. सर कधी कुणाला आज्ञा करत नसत. बँडेज ठेवून जात. जिचं नाव लहान, पदकाची आशा कमी, तिने ते उचलायचं असतं, हे कुणाला शिकवावं लागत नव्हतं. एखादीने नाही उचललं, तर पुढच्या स्पर्धेच्या यादीत तिचं नाव नसायचं, एवढंच.

"पण मी नाही उचललं," दोइना म्हणाली. "मी भिंतीकडे तोंड करून पडले. मनात म्हटलं, ठेवू दे म्हाताऱ्याला, मी नाही उचलत. तुझ्या आईला माहीत होतं मी जागी आहे. मग म्हणाली, दोइना, ती जागा मला दे ना."

"आईने मागितलं?"

"हो."

"सरांनी सांगितलं म्हणून?"

"सर सूप पीत होते तेव्हा." दोइनाने हातातली ताटली दुसऱ्या ताटलीवर अलगद ठेवली. "मी विचारलं, कोणता पाय? ती म्हणाली, डावा. मग तिनेच बांधलं. बँडेज फार सुरेख बांधायची ती. डॉक्टरने नुसती सही केली."

मग दोइना सहा आठवडे लंगडली. प्रेक्षकांतून ऑक्टाव्हियाला टाळ्या देताना लंगडत उभी राहिली, विमानतळावर कुबडी घेऊन उतरली, गावच्या बँडसमोर लंगडली. तिच्या आईने रोज संध्याकाळी कोबीची पानं लाटण्याने चेचून घोट्याला बांधली. एकदा चुकून ती उजव्या पायाने लंगडली, तर धाकटा भाऊ म्हणाला, ताईचा पाय फिरतो. घरात सगळे हसले, आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"तुमच्या आईला नाही सांगितलं कधी?"

"काय सांगू? ती गावभर सांगून आली होती. पुढे कितीतरी वर्षं हवा पावसाळी झाली की फोन करायची, दुखतो का गं? मी म्हणायची, थोडा." दोइनाने फडकं पिळून नळावर वाळत घातलं. "गेली ती पाच वर्षांपूर्वी. तशीच."

पुढच्या वर्षी तुझी पाळी, असं तेव्हा ठरलं होतं. पुढच्या वर्षी दोइनाची उंची सहा सेंटीमीटर वाढली आणि तिला केंद्रातून घरी पाठवलं. त्यानंतर ऑक्टाव्हिया आणि ती भेटल्या नाहीत. ऑक्टाव्हियाने दोनदा पत्र पाठवलं. दोइनाने फोडलं नाही.

तासाभरापूर्वी आपण या बाईला हाताला धरून टेबलासमोर उभं केलं, हे स्मारांदाच्या डोळ्यांसमोरून हलेना. माफी मागायला ती तोंड उघडणार, तेवढ्यात दोइना म्हणाली की ती काही मागायला आलेली नाही, पण एक गोष्ट आहे. शनिवारी इथल्या जिम्नॅस्टिक क्लबच्या हॉलला ऑक्टाव्हियाचं नाव देणार आहेत, क्लबचं पत्र आलंय, तिलाही बोलावलंय, मुलींना घेऊन यायचं आहे. मुली हट्ट धरून बसल्यात. स्मारांदा भाषण करणार असं पत्रात आहे.

"पायाचं काही बोलू नकोस. बाकी आईबद्दल हवं ते बोल. चांगलंच बोल, चांगली होती ती. पायाचं तेवढं राहू दे."

"नाही बोलणार," स्मारांदा म्हणाली. "शब्द देते."

दोइनाने तिच्या गालाला ओला हात लावला, आपला कोट घेतला आणि बस गाठायला निघाली.

त्या आठवड्यात स्मारांदा कामावर गेली, पुस्तकं दिली, परत घेतली. पण आईच्या शेवटच्या दिवसांतली एक दुपार तिची पाठ सोडेना. आईला तेव्हा बोलताना धाप लागायची. खिडकीकडे बघत ती म्हणाली होती, "स्मारा, दोइनाचा पाय…" आणि स्मारांदाने तिचं पांघरूण सारखं करत म्हटलं होतं, "आई, तो पाय कधीच बरा झाला असेल. तू आता गप्प पड, दमतेस." आई तिच्याकडे बघत राहिली होती. मग तिने डोळे मिटले होते. दुसऱ्या दिवशी तिने विषय काढला नाही आणि तिसऱ्या दिवशी तिला बोलताच येत नव्हतं. स्मारांदाला तेव्हा वाटलं होतं की आपण आईला जपतो आहोत. आता ते आठवलं की ती पुस्तकांच्या रॅकमागे जाऊन उभी राही, कारण चेहऱ्याचं काय करावं तिला समजत नसे.

बुधवारी तिने तळघरातून त्या वर्षीच्या वर्तमानपत्रांची बांधीव फाईल काढली. विमानतळावरचा फोटो पहिल्या पानावर होता. आईच्या हातात फुलं, गळ्यात पदक, आणि मागे कुबडी घेतलेली दोइना, केसांच्या दोन वेण्या, तोंडभर हसणारी. फोटोग्राफरने सगळ्यांना आपल्याकडे बघायला लावलं असणार. फक्त आई बघत नव्हती. तिची मान खाली होती. खाली मथळा होता, 'विजयातही विनम्र'. स्मारांदाने फाईल मिटली. लहानपणापासून तिने ज्याला नम्रता म्हटलं होतं, त्याला दुसरं साधं नाव होतं, आणि आई ते तिला रोज दाखवत होती.

भाषणाची दोन पानं तिने पुन्हा लिहिली. आईने शाळेतल्या मुलांना कसं शिकवलं, हिवाळ्यात हॉलमधली शेगडी पेटवायला पहाटे कशी जायची, पडलेल्या मुलीला उचलायच्या आधी स्वतः जमिनीवर कशी बसायची. पायाचा उल्लेख नाही, अंतिम फेरीचाही नाही. पदकाबद्दल एक ओळ. वाचून झाल्यावर तिला वाटलं, हे खोटं नाही. दोइनाला दिलेला शब्दही राहतो.

शनिवारी हॉल भरला. खडूच्या पांढऱ्या भुकटीचा वास स्मारांदाला दारातच जाणवला आणि तिला क्षणभर आईच मिठी मारते आहे असं वाटलं. बीम एका कडेला सरकवून तिथे खुर्च्या मांडल्या होत्या. दोइना चौथ्या रांगेत, दोन्ही बाजूंना एकसारख्या निळ्या जॅकेटमधल्या मुली. तिने लांबून मान हलवली. स्मारांदानेही हलवली.

क्लबचे संचालक बोलले, नगराध्यक्षांचा माणूस बोलला. मग हात्सेगान सरांना दोघांनी धरून माईकपाशी आणलं. एक्याऐंशी वर्षांचे, पण आवाज अजून हॉलच्या टोकापर्यंत जाणारा. समोर मांडी घालून बसलेल्या छोट्या मुलींना ते आधी म्हणाले, "काय गं बदकांनो, पाठी सरळ करा." सगळ्या पाठी सरळ झाल्या, मागच्या रांगेतल्या आयांच्यासुद्धा. लोक हसले.

आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. म्हणाले, त्या दुपारी मी जेवत होतो. दोइना लंगडत लंगडत माझ्या टेबलापाशी आली. डोळ्यांत पाणी. म्हणाली, सर, माझा पाय गेला, माझ्या जागी ऑक्टाव्हियाला पाठवा, ती देशाची लाज राखेल. "असा संघ होता तो," सर म्हणाले. "आजकालच्या पोरींना स्वतःची सेल्फी सोडून दुसरं दिसत नाही. ती दोइना इथेच बसली आहे. ऊठ गं, दिसू दे सगळ्यांना."

टाळ्या सुरू झाल्या. माना वळल्या. दोइना अर्धवट उठली, हात थोडा वर केला आणि बसली. शेजारच्या मुली तिच्याकडे बघून जोरजोरात टाळ्या वाजवत होत्या. दोइनाची नजर स्वतःच्या गुडघ्यांवर होती. मान खाली. स्मारांदाने ती मान ओळखली.

तिचं नाव पुकारलं गेलं. ती उठली, माईकपाशी गेली, कागद उघडले. पहिली ओळ होती, 'माझी आई पहाटे साडेपाचला या हॉलची शेगडी पेटवायची.' तिने ती मनात वाचली. टाळ्यांचा आवाज अजून पुरता विरला नव्हता. तिला वाटलं, आता शेगडीबद्दल बोलले तर त्या म्हाताऱ्याच्या खोटेपणावर माझी सही पडते, तिकडे त्या डॉक्टरची पडली तशी. तिला वाटलं, त्या दुपारी मी आईला गप्प बसवलं. ज्या बाईचं सगळं घेतलं तिला आज त्या खोटेपणासाठी टाळ्याही घ्यायला लावतो आहोत. तिने कागद घडी केले.

"दोइनामावशींचा पाय मोडला नव्हता," ती म्हणाली. "मुरगळलाही नव्हता. त्यांची जागा माझ्या आईला हवी होती. आईने ती मागून घेतली आणि चांगल्या पायाला स्वतःच्या हाताने बँडेज बांधलं. दोइनामावशी सहा आठवडे लंगडत राहिल्या. स्वतःच्या आईपुढेसुद्धा. मी पेपरात जे लिहिलं ते खोटं होतं. मला माहीत नव्हतं, पण मी विचारायला हवं होतं. आईला सांगायचं होतं, मी तिला बोलू दिलं नाही. ते तिच्या वतीने आज सांगते आहे."

कुणी टाळी वाजवली नाही. पहिल्या रांगेत नगराध्यक्षांच्या माणसाने घड्याळ पाहिलं. सरांनी आपली काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि माईकशिवायच म्हणाले, "तुझी आई एकोणतीस वर्षं गप्प राहिली. तिला समजत होतं." ते रागाने बोलले नव्हते. एखाद्या मुलीचं पाऊल चुकलं की सांगावं तसं म्हणाले. समोर बसलेल्या मुलींमधून एक बारीक आवाज आला, "मग त्या लंगडत का होत्या?" तिच्या शेजारणीने तिला कोपर मारलं. संचालकांनी घाईघाईने पाटीवरचा पडदा ओढला, लोक उभे राहिले आणि केक कापायला मागच्या खोलीत वळले. वाटेत येणाऱ्यांपैकी कुणी स्मारांदाच्या खांद्यावर हात ठेवला, कुणी तिला वळसा घालून गेलं.

चौथी रांग रिकामी होती. ती बाहेर धावली. कोट अडकवायच्या जागी दोइना मुलींना जॅकेटच्या चेन लावायला सांगत होती. मुली गप्प होत्या. आल्या तेव्हा जिन्यावर त्यांचा केवढा गलका चालला होता.

"दोइनामावशी."

दोइनाने मुलींना बसपाशी जाऊन थांबायला सांगितलं. त्या गेल्या. त्यांतली सगळ्यात मोठी होती तिने दारातून वळून दोइनाच्या पायांकडे पाहिलं, मग पटकन नजर काढून घेतली. दोइनाने ते पाहिलं. स्मारांदानेही पाहिलं.

"मी काय मागितलं होतं तुझ्याकडे?"

"पायाचं बोलू नकोस म्हणून."

"मग?"

"पण सरांनी… ते सगळं खोटं सांगत होते. तुम्ही खाली मान घालून बसला होतात. मला राहवलं नाही."

"त्यांचं खोटं मला सवयीचं आहे. ते ऐकायची तयारी करून आले होते मी. दहा मिनिटं. मग केक खाल्ला असता, मुलींनी तुझ्या आईच्या बीमवर फोटो काढले असते आणि घरी गेलो असतो." तिचा आवाज चढला नाही. "या पोरींना मी रोज सांगते, दुखलं तर दुखलं म्हणा, नाही दुखलं तर नाही म्हणा, मला फसवू नका. आता अडीच तास बसमध्ये त्या माझ्या शेजारी बसणार. आणि माझा भाऊ इथेच राहतो, स्टेशनपलीकडे. आई कोबीची पानं कशी चेचायची ते तो अजून लोकांना कौतुकाने सांगतो. संध्याकाळपर्यंत त्याच्या कानावर जाईल."

भावाचा विचार स्मारांदाच्या मनात आला नव्हता. मुलींचाही नाही. माईकपाशी उभी असताना तिच्या मनात एकच माणूस होतं, आणि ते दोइना नव्हतं.

"मला वाटलं, तुमच्यावरचं ओझं…" तिने सुरुवात केली, आणि आपलंच वाक्य तिला मृत्युलेखातल्या त्या वाक्यासारखं ऐकू आलं. ती थांबली. मग म्हणाली, "मी येऊ का बसमध्ये? मुलींना सांगते. तुमच्या भावाकडेही मी जाते."

"नको. आता जे काय सांगायचं ते मी सांगेन." दोइनाने कोटाची बटणं लावली, सगळ्यात वरचंसुद्धा. दाराशी जाऊन ती थांबली. "तुझ्या आईचा मला फार राग होता, स्मारा. खूप वर्षं. पण तिने निदान मला विचारलं होतं."

ती गेली. बाहेर बसचं इंजिन सुरू झालं, बराच वेळ गुरगुरत राहिलं, मग आवाज लांब गेला. आतून ताटल्यांचा आणि बोलण्याचा आवाज येत होता. स्मारांदा कोट अडकवायच्या आकड्यांच्या रांगेसमोर उभी होती. घरी जायचं तर आतून, सगळ्यांमधूनच जावं लागणार होतं, तिची पर्स पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर राहिली होती. तिला वाटलं, आज घरी गेल्यावर हे कुणाला तरी सांगावं, सगळं, काही न लपवता, आणि त्या माणसाने शेगडीपाशी बसून नुसतं ऐकावं, समजूत घालू नये. असं ऐकू शकेल असं एकच माणूस तिच्या ओळखीचं होतं, आणि त्याला तिनेच त्या दुपारी गप्प बसवलं होतं. तिने हाताच्या पालथ्या भागाने तोंड पुसलं, दार ढकललं आणि आत गेली.